हात ठेवायची जागा

कल्याणच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. घर ३४० चौरस फुटांचे, माणसे पाच. दहावीत शिकणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीपूर्वी घराचा कायापालट करण्याचा त्यांचा बेत आहे. कोणते फर्निचर घ्यावे, कोणते काढावे आणि उरलेले ठेवावे तरी कुठे, असे त्यांनी विचारले आहे. ‘कामावरून येऊन दार उघडले, की समोरचा पसारा पाहून जीव घुसमटतो,’ असे त्या लिहितात. घर लावण्याचा प्रश्न आरोग्याच्या पाक्षिकाला का विचारला, याचा खुलासाही पत्राच्या शेवटी आहे: मुलाची सर्दी वर्षभर हटत नाही आणि सासूबाई गेल्या महिन्यात दोनदा अडखळल्या.

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला आहे. जीव घुसमटणे हाही केवळ शब्दांचा अलंकार नव्हे. लॉस एंजेलिस येथे दोन मानसशास्त्रज्ञांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना आपापल्या घरातून फिरत घराचे वर्णन करावयास सांगितले आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे दिवसभरातील प्रमाण तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की ज्या स्त्रियांनी घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे अशा शब्दांत केले, त्यांचे कॉर्टिसॉल दिवस मावळताना जितके उतरावयास हवे तितके उतरत नव्हते. पसाऱ्यामुळे ताण येतो, की ताणलेल्या माणसाला पसारा अधिक दिसतो, हे त्यातून ठरत नाही. पुरुषांमध्ये मात्र हा संबंध तितका ठळक आढळला नाही. त्यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

तेव्हा आवरावे, हे निश्चित. परंतु काय, कसे आणि कोणत्या क्रमाने, हे सांगण्यापूर्वी मला आपल्यापुढे माझी स्वतःची एक चूक मांडली पाहिजे.

आमचे मुलुंडचे घर कल्याणच्या घरापेक्षा फार मोठे नाही. आतल्या खोलीकडून बाथरूमकडे जाणारा एक पॅसेज आहे आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून दोन लोखंडी ट्रंका एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांवर जुन्या चादरीचे आच्छादन. ट्रंका सासूबाईंच्या. वीस वर्षे मी त्यांना वळसा घालून जात होते आणि वीस वर्षे त्या माझ्या डोळ्यांत खुपत होत्या. एका वर्षी नवरात्राच्या आधी मी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला, मुलाला हाताशी घेतले आणि दोन्ही ट्रंका माळ्यावर चढवल्या. अडीच फुटांचा पॅसेज चार फुटांचा झाला. भिंतीला रंगाचा हात दिला. सासूबाई खाटेवर बसून सारे पाहत होत्या. ‘बरं दिसतंय गं,’ एवढेच त्या म्हणाल्या.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमारास आवाज आला. त्या मोकळ्या भिंतीपाशी त्या उजव्या कुशीवर पडलेल्या होत्या. मनगटाचा आकारच असा बदलला होता, की क्ष-किरण चित्र काढण्यापूर्वीच निदान झाले. मी त्यांना बसते करीत असताना त्या म्हणाल्या, ‘ट्रंक होती गं इथे.’ स्वरात तक्रार नव्हती. जणू स्वतःलाच समजावत होत्या.

त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे राहिलेले. रात्री उठल्यावर त्या वरच्या ट्रंकेच्या कोपऱ्यावर तळवा टेकत, तिथे क्षणभर थांबत आणि मग तीन पावलांत बाथरूमची कडी गाठत. हे त्या किती वर्षे करीत होत्या कोण जाणे. मला ठाऊक नव्हते. इतरांच्या घरी जाऊन त्यांच्या वृद्धांना तपासताना ‘आजी रात्री कशाला धरून चालतात?’ असे विचारणाऱ्या मला माझ्या घरातले ठाऊक नव्हते. मी पसारा काढला असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एका माणसाचा कठडा काढून घेतला होता. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिले.

म्हणून वाचकहो, लहान घर लावावयास घेताना मी आता कपाटापासून आरंभ करीत नाही. माणसांच्या येण्याजाण्यापासून करते. आपणही तसे करावे. एखादी वस्तू हलवण्यापूर्वी चार-पाच दिवस नुसते पाहावे. घरातील वृद्ध व्यक्ती बिछान्यावरून उठताना हात कशावर टेकते? दाराची चौकट धरते, की फ्रीजचे हँडल, की खुर्चीची पाठ? रात्री दिवा लावते, की ‘मुलांची झोप मोडेल’ म्हणून अंधारातच चालते? लहान घरात बहुतेक आजी-आजोबा अंधारातच चालतात, कारण त्यांच्या वाटेवरच कोणीतरी झोपलेले असते. बिछान्यापासून बाथरूमपर्यंतची ही वाट हा घराचा सर्वांत महत्त्वाचा रस्ता होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीच्या पुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक आहे. माझ्या अनुभवात तरी ही माणसे जिन्यावरून किंवा रस्त्यावर कमी पडतात. अधिक पडतात ती पायपुसण्यावर, मोबाइलच्या चार्जरच्या वायरीवर, उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावर आणि दारातल्या चपलांच्या ढिगावर.

ही वाट शक्य असल्यास तीन फूट रुंद ठेवावी. तेवढी जागा नसेल तर निदान वॉकर जाईल एवढी, म्हणजे अडीच फुटांच्या आसपास, हवीच. आज वॉकर लागत नसेल; उद्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तर पलंग सरकवण्याची धावपळ त्या दिवशी होते. वाटेवर झिरोचा एक दिवा रात्रभर जळू द्यावा. तिच्यावर जो आधार आहे, तो ओबडधोबड असला तरी, दुसरा आधार पक्का बसेपर्यंत हलवू नये. आणि बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला आधार समजू नये. ती ओल्या टॉवेलाचे वजन पेलण्यासाठी असते, माणसाचे नव्हे. भिंतीत नीट ठोकलेला जाड दांडा ही लहान घरासाठी सोफ्यापेक्षा अधिक गरजेची खरेदी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फर्निचरकडे वळू. मुंबईकरांना लहान जागेत राहण्याची विद्या नवी नाही. १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आठ-दहा माणसांची कुटुंबे नांदली. हे शक्य झाले त्याचे एक कारण असे, की त्या खोलीत जमिनीवर कायमचा हक्क सांगणारे काही नव्हतेच. पहाट झाली की गाद्यांच्या वळकट्या होत, पाट भिंतीला उभे राहत, कपडे दांडीवर, पिशव्या खुंटीवर, डबे फळीवर. एकच जमीन सकाळी स्वयंपाकघर, दुपारी निवडण-टिपण्याची जागा, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री शयनगृह होई. त्या खोल्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांत धूर होता, दाटी होती, सार्वजनिक शौचालयाची रांग होती आणि वळकट्या उचलण्याचे काम बहुधा घरातल्या सुनेकडे होते. परंतु जमीन ही दिवसातून चार वेळा वापरावयाची वस्तू आहे, हे त्या माणसांना समजले होते. आपण मात्र ब्लॉकमध्ये आलो आणि चोवीस तास जमीन अडवून बसणारे सामान घरात आणले.

हिशेब करून पाहावा. सहा फूट बाय साडेसहा फुटांचा स्टोअरेजचा पलंग ३९ चौरस फूट जागा घेतो. ३४० फुटांच्या घराचा हा नववा हिस्सा झाला. तीन माणसांचा सोफा आणि त्यापुढील टीपॉय मिळून, पाय ठेवावयाच्या जागेसह, जवळजवळ तेवढीच जागा जाते. पलंग निदान रात्रभर वापरला जातो. सोफ्यावर मात्र अनेक घरांत माणसांपेक्षा न घडी केलेले कपडेच अधिक काळ बसलेले मी पाहते. कल्याणच्या भगिनींना माझा सल्ला असा, की सोफा घेऊ नये. त्याऐवजी भिंतीलगत एक अरुंद दिवाण आणि हलक्या, एकात एक बसणाऱ्या खुर्च्या पुरेत. सोफा-कम-बेडबद्दल विचाराल तर त्यांपैकी बहुतेकांवर ना धड बसता येते ना धड झोपता. भिंतीत उभा मिटणारा पलंग चांगला. परंतु तो रोज सकाळी मिटणार कोण, हे आधी ठरवावे. आठ दिवसांनी तो कायमचा उघडाच राहणार असेल, तर तो केवळ महागडा पलंग होय.

वृद्धांच्या पलंगाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघा साधारण काटकोनात राहिला पाहिजे. खाली जास्त सामान मावावे म्हणून उंच करून घेतलेल्या पलंगावर आजींचे पाय लोंबकळतात आणि त्या उतरत नाहीत, घसरतात. ‘बैठक हवी’ म्हणून फारच बुटका दिवाण केला तर त्यांना उठवतच नाही.

काहीही विकत घेण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. त्या वस्तूच्या लांबी-रुंदीची जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवावीत आणि आठवडाभर त्यांवर पाय न देता घरात वावरावे. दार पूर्ण उघडते का, कपाटाचा खण बाहेर येतो का, मुलीला अभ्यासाला बसताना आजींना उठावे लागते का, हे सारे त्या आठ दिवसांत कळते. दुकानातल्या विस्तीर्ण दालनात प्रत्येक पलंग लहानच भासतो.

मुलाच्या सर्दीविषयी. ही सर्दी अॅलर्जीची असू शकते. तिची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावीच. परंतु त्याबरोबर कपाटामागेही पाहावे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने बाहेरची भिंत ओल धरते. तिला कपाट घट्ट चिकटवले की मागे हवा फिरत नाही आणि काळी-हिरवी बुरशी धरते. ती कोणाला दिसत नाही. श्वासात मात्र जाते. अशा भिंतीपासून कपाट तीन-चार बोटे तरी दूर असावे. त्याहून बरे म्हणजे बाहेरच्या भिंतीला कपाट लावूच नये, ते आतल्या भिंतीला लावावे. खिडकीचा अर्धा भाग झाकणारे कपाट तर मी पाहिल्याबरोबर सरकवावयास लावते. लहान घराला तीनच गोष्टी फुकट मिळतात: ऊन, वारा आणि उजेड. त्या अडवणारी वस्तू कितीही उपयोगी असली तरी ती महागच पडते.

पलंगाच्या पेटीतही हेच घडते. तिथे वर्षानुवर्षे न उघडलेली पांघरुणे असतात. दमट हवेत धुळीतले डस्ट माइट वाढतात. ते इतके सूक्ष्म, की डोळ्यांना दिसत नाहीत; दमा आणि सततच्या शिंका यांचे ते एक प्रमुख कारण आहे. मुलगा रात्रभर त्याच पेटीवर नाक ठेवून झोपतो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सहा गाद्यांपैकी चार काढाव्यात. उरलेल्यांना उन्हे पडली की गच्चीत वाळवावे. अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्यात. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात माइट मरतात.

या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची जुनी रीत आहे. तिच्याविषयी मला विशेष सावध करावेसे वाटते. बारशाची झबली, दुपटी, लोकरीच्या टोप्या डांबराच्या गोळ्यांत ठेवतात आणि नव्या बाळासाठी तशाच बाहेर काढतात. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असते. ज्या बाळांना जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या नुसत्या वाफेनेही फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही. तान्ह्यासाठीच्या कपड्यांत या गोळ्या घालूच नयेत.

पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत. मिक्सर, टीव्ही, बूट, साऱ्यांची खोकी ‘वॉरंटी आहे तोवर’ म्हणून माळ्यावर जातात आणि तिथे झुरळांची वसाहत होते. झुरळांची विष्ठा हेही दम्याला निमंत्रण. ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरभोवती कांद्या-बटाट्यांच्या पिशव्या आणि रद्दी कोंबू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तिथे हवा खेळती राहिली पाहिजे.

माळा हा लहान घराचा मोठा आधार असतो आणि तोच दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे रुग्ण पाठवतो. चकलीचा सोऱ्या, मोठे पातेले, कढई हे सारे वर्षातून एकदा लागते म्हणून वर जाते आणि ते काढण्यासाठी साठीची बाई डुगडुगत्या स्टुलावर चढते. जड आणि काचेचे काही वर ठेवू नये. जे वर ठेवाल ते कोण काढणार आहे, त्याच्या वयाचा विचार करूनच ठेवावे.

आणि आता त्या प्रश्नाकडे येते, जो पत्रात स्पष्ट विचारलेला नाही: टाकावयाचे ते कोणाचे? घर आवरण्याची लाट आली की पहिली धाड वृद्धांच्या सामानावर पडते, हे मी घरोघरी पाहिले आहे. कारण ते जुने असते, वजनाला जड असते आणि त्याचे धनी वाद घालीत नाहीत. आजोबांच्या ग्रंथांची रद्दी होते. पण दोन वर्षे ज्यावर फक्त टॉवेल वाळतो ती व्यायामाची सायकल जागेवर राहते. पाटा-वरवंटा भंगारात जातो. सतरा चार्जर आणि तीन बंद पडलेले मोबाइल खणात राहतात. ज्या माणसाच्या वाट्याला या घरात एक खाट आणि एक कोनाडा उरला आहे, त्याच्याकडूनच आपण जागा मागतो. त्यांचे काहीच कमी करू नये, असे मी म्हणत नाही. परंतु ते त्यांच्या हातून व्हावे, त्यांच्यादेखत व्हावे आणि आपल्या वस्तूंनंतर व्हावे.

आमच्या घरी ते असे झाले. प्लास्टर निघाल्यावर सासूबाईंनी आपणहून सांगितले, ‘त्या ट्रंका उतरवा, मी बघते त्यात काय आहे ते.’ मुलाने त्या खाली आणल्या. त्या जमिनीवर बसू शकत नव्हत्या म्हणून आम्ही ट्रंक स्टुलावर ठेवली आणि त्या खुर्चीवर बसल्या. दोन दुपारी गेल्या. मी अधूनमधून जाऊन बसे. तीन नऊवारी गोधडीसाठी निघाल्या. पितळेची तपेली नणंदेकडे गेली. जुनी धोतरे आणि परकर बोहारणीला दिले. त्याबदल्यात मिळालेल्या स्टीलच्या डब्यावर त्यांनी स्वतः घासाघीस केली आणि त्या दिवशी त्या फार दिवसांनी मोठ्याने हसल्या. ठेवले ते थोडेच: सासऱ्यांच्या चष्म्याची रिकामी डबी, त्यांचा लोकलचा शेवटचा पास, आणि माझ्या मुलाच्या बारशाचे टोपडे. ते मी कधीच टाकून दिले असे मला वाटत होते.

हे सारे खालच्या ट्रंकेच्या एका कोपऱ्यात मावले. वरची ट्रंक जवळजवळ रिकामी झाली. ती काढून टाकू या, असे मात्र कोणी म्हटले नाही. दोन्ही ट्रंका पूर्वीसारख्याच एकावर एक, त्याच भिंतीला आहेत. हलू नयेत म्हणून सुताराकडून त्या भिंतीला पट्टीने बांधून घेतल्या. माझी पुस्तकांची मांडणी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला होती, ती निघाली. तिच्या जागी भिंतीत स्टीलचा दांडाही बसवला आहे. सासूबाई त्याला हात लावीत नाहीत. रात्री मी जागी असले तर ऐकू येते: ट्रंकेचा पत्रा दबल्याचा बारीक आवाज, थोडे थांबणे, मग तीन पावले आणि कडी.